“दादा, सर्व्हर दिसत नाहीये”: ऑफिसच्या नेटवर्कवर कॉम्प्युटरची नावं सापडेनाशी होतात तेव्हा

महिन्याची १९-२० तारीख आली, जीएसटीचं ३-बी रिटर्न भरायची घाई सुरू झाली, की माझा फोन वाजायला लागतो. नाशिकमधली सीए मंडळींची ऑफिसं, अंबड-सातपूरच्या वर्कशॉपांचे अकाउंट विभाग, एखादी पॅथॉलॉजी लॅब अशा दहा-पंधरा कॉम्प्युटरच्या जागा मी सांभाळतो. तक्रारीचं वाक्य ठरलेलं असतं: “दादा, सर्व्हर दिसत नाहीये.” काल दिसत होता, आज नाही. शेजारच्या टेबलावर दिसतोय, इथे नाही.

प्रत्येक ऑफिसात एक जण असा असतोच, ज्याच्या गळ्यात कॉम्प्युटरची कामं आपोआप पडलेली असतात. बहुतेकदा आर्टिकलशिप करणारा एखादा मुलगा किंवा मुलगी. हे त्यांच्यासाठी लिहितोय. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या. उदाहरणापुरतं धरून चालू की सर्व्हरचं नाव ‘टॅलीसर्व्हर’ आहे आणि त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता, १९२.१६८.१.१०.

आधी निदान, मग औषध

“दिसत नाही” या दोन शब्दांत तीन वेगळे बिघाड लपलेले असतात. एक, नावावरून पत्ताच मिळत नाही. दोन, पत्ता मिळतो पण तिथपर्यंत पोचता येत नाही. तीन, पोचता येतं पण समोरचा आत घेत नाही. यातला फक्त पहिला बिघाड नावाचा. उरलेल्या दोघांसाठी डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, बदलत बसलात तर दिवस जाईल आणि वर नवीन गोंधळ तयार होईल तो वेगळाच.

म्हणून राउटर बंद-चालू करण्याआधी कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एवढंच टाइप करा:

पिंग टॅलीसर्व्हर

आता उत्तरातली पहिली ओळ वाचा. सगळे जण खालच्या चार ओळी बघतात, आणि तिथेच फसतात. ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ असं आलं तर नाव सापडलेलं नाही, हा लेख तुमच्याच कामाचा. पण नावापुढे चौकटी कंसात आयपी पत्ता आला आणि खाली चारही वेळा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर नाव व्यवस्थित सापडलंय. विंडोजचा फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तरच देत नाही, त्यामुळे त्या ‘टाइम्ड आउट’वरून सर्व्हर बंद आहे असंही म्हणता येत नाही. तिसरी शक्यता सगळ्यात फसवी: कंसात पत्ता येतो, उत्तरंही येतात, पण पत्ता भलत्याचाच असतो. सर्व्हरचा खरा पत्ता माहीत नसेल तर हे कळायचा मार्गच नाही. तो सर्व्हरवर जाऊन बघा आणि कागदावर लिहून ठेवा.

कंसात आकड्यांऐवजी ‘एफई८०’ने सुरू होणारी लांबलचक माळ दिसली तर घाबरू नका, तो आयपीव्ही६ पत्ता आहे. ‘पिंग -४ टॅलीसर्व्हर’ दिलं की नेहमीचा पत्ता दिसेल.

दुसरी चाचणी रनच्या खिडकीत. दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे थेट आयपी पत्ता टाका, एंटर दाबा. पत्त्याने फोल्डर उघडतात आणि नावाने उघडत नाहीत, तर दोष नावाचा. पत्त्यानेही उघडत नसतील तर नावाला दोष देऊ नका.

एररचा आकडाही कामाचा असतो. विंडोजच्या चौकटीत ०एक्स८००७००३५ असं काहीतरी येतं. त्यातला शेवटचा ३५ हा हेक्साडेसिमलमधला, आपल्या मोजणीत ५३. ‘नेट यूज’ कमांडमध्ये हाच ‘सिस्टिम एरर ५३’ म्हणून दिसतो. अर्थ: वाट सापडली नाही. हा एरर नाव न सापडल्यानेही येतो आणि समोरचं ४४५ नंबरचं पोर्ट (फाइल शेअरिंगचा दरवाजा) बंद असल्यानेही, म्हणून त्या एकट्यावर विसंबू नका. एरर ६७ म्हणजे बहुधा शेअर केलेल्या फोल्डरचं नाव चुकलंय, ५ म्हणजे परवानगी नाही, १३२६ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. शेवटचे दोन आले तर खुशाल समजा की नाव, रस्ता सगळं ठीक आहे. पोर्टची खात्री पॉवरशेलमध्ये करता येते:

टेस्ट-नेटकनेक्शन टॅलीसर्व्हर -पोर्ट ४४५

जाता जाता: विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो एडिशनवर पासवर्डशिवायचं ‘गेस्ट’ शेअरिंग मुळातच बंद आहे. जुन्या एनएएस डब्यावर (नेटवर्कला जोडलेल्या सामायिक हार्ड डिस्कवर) पासवर्ड न लावता फोल्डर उघडे ठेवलेत अशा ऑफिसात नवा लॅपटॉप आला की “दिसत नाही”चा फोन हमखास येतो. तिथे नावाचा काही संबंध नाही. डब्यावर युजर तयार करा, पासवर्ड द्या, विषय संपला.

विंडोज नाव कुठे कुठे शोधतं

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. क्रम साधारण असा. आधी ‘हे माझंच नाव आहे का’. मग स्वतःची आठवण, म्हणजे कॅश, ज्यात ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलमधल्या नोंदीही असतात. मग नेमून दिलेला डीएनएस सर्व्हर. तिथेही मिळालं नाही आणि नाव एकशब्दी असेल, तर विंडोज चक्क हाक मारतं: “टॅलीसर्व्हर कोण आहे रे?” ही हाक एमडीएनएस, एलएलएमएनआर आणि जुन्या नेटबायोस या तीन पद्धतींनी जाते. ज्याचं ते नाव, तो ओ देतो.

वाड्यात मारलेली हाक वाड्यातच ऐकू येते, पुढच्या गल्लीत नाही. तसंच इथे. हाक राउटर ओलांडत नाही. लहान ऑफिसांत स्वतःचा डीएनएस सर्व्हर नसतो, इंटरनेट कंपनीच्या राउटरला तुमच्या कॉम्प्युटरची नावं बहुधा ठाऊक नसतात, म्हणजे सगळा कारभार या हाकांवर चालतो. तरीही वर्षानुवर्षं चालतो, याचंच मला नवल वाटतं.

होस्ट्स फाइल ही फार जुनी गोष्ट. इंटरनेटच्या आधीच्या काळात सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच फाइलमध्ये असत, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घेत. यादी हाताबाहेर गेल्यावर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. यादी गेली, पण फाइल आजही प्रत्येक विंडोजमध्ये बसून आहे आणि अजून त्रास देते. तिच्याकडे पुढे येतोच.

इथेच ‘एनएसलुकअप’बद्दल सांगून टाकतो. ही कमांड फक्त डीएनएस सर्व्हरला विचारते. होस्ट्स फाइल बघत नाही, हाक मारत नाही. त्यामुळे स्वतःचा डीएनएस नसलेल्या ऑफिसात ‘एनएसलुकअप टॅलीसर्व्हर’ला ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ असं उत्तर येणारच, सर्व्हर ठणठणीत असला तरी. वर ‘सर्व्हर: अननोन’ दिसतं तोही बहुतेकदा आजार नसतो. डीएनएस सर्व्हरच्या पत्त्यावरून त्याचं नाव सांगणारी उलटी नोंद केलेली नसते, इतकंच.

दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवून बघा

बिघडलेल्या कॉम्प्युटरकडे एकट्याकडे बघून फारसं काही कळत नाही. ज्यावर सगळं नीट चालतंय असा एक निवडा, दोन्हींवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ द्या, मोबाइलवर फोटो काढा आणि ओळीला ओळ लावून बघा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल, स्विच, वाय-फाय बघा, नावाचं नंतर.

पत्त्याचे टिंबांनी तोडलेले पहिले तीन आकडे दोन्हीकडे वेगळे असतील तर बहुधा सापडलाच चोर. माझ्याकडच्या ऑफिसांत सर्वांत जास्त वेळा भेटणारं कारण हेच आहे. इंटरनेटवाल्याचा राउटर रिसेप्शनजवळ असतो, आतल्या केबिनमध्ये रेंज येत नाही. मग साहेबांचे कुणी ओळखीचे बाजारातून वाय-फाय राउटर आणतात आणि केबल त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या भोकात, खुपसतात. इंटरनेट चालू, सगळे खूश. पण त्या राउटरने आता स्वतःचं वेगळं १९२.१६८.०.एक्स असं नेटवर्क थाटलेलं असतं आणि केबिनमधला लॅपटॉप त्यात अडकलेला असतो. गंमत अशी की लॅपटॉपवरून सर्व्हर आयपी पत्त्याने उघडतो, कारण आतून बाहेर जायला राउटरची हरकत नसते. नावाने मात्र उघडत नाही, कारण हाक तिथेच अडते. “पत्त्याने चालतं, नावाने नाही, आणि फक्त वाय-फायवर” एवढं कळलं की मी फोनवरच सांगतो, दुसरा राउटर शोधा.

त्याचा इलाज: त्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो चालू करा. नसेल तर त्याचं डीएचसीपी (कॉम्प्युटरांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा, त्याला मुख्य नेटवर्कमधला एखादा मोकळा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, आणि केबल वॅनमधून काढून लॅन, म्हणजे आतल्या कॉम्प्युटरांसाठीच्या, पोर्टात लावा. क्रम महत्त्वाचा. डीएचसीपी बंद न करता केबल लॅनमध्ये लावलीत तर दोन राउटर पत्ते वाटत सुटतील आणि आत्तापर्यंत नीट असलेलं ऑफिसही आडवं होईल.

‘गेस्ट’ वाय-फायचंही तसंच. त्यावरचे कॉम्प्युटर मुद्दाम एकमेकांपासून आणि ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडून ठेवलेले असतात. पाहुण्यांसाठीचा सोपा पासवर्ड स्टाफने लॅपटॉपवर टाकून ठेवलाय का, तेवढं बघून घ्या.

आकडे जुळतात, तरी नाव सापडत नाही? मग नेटवर्कचं प्रोफाइल बघा. नवा राउटर आला किंवा केबल बदलली की विंडोज त्याला अनोळखी नेटवर्क समजून ‘पब्लिक’ ठरवतं, आणि पब्लिकमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी बंद असते. ते ‘प्रायव्हेट’ करा. हे सर्व्हरच्या बाजूलाही बघा. लोक ज्याच्यासमोर बसलेत तेवढाच कॉम्प्युटर तपासतात, आणि ओ न देणारा दुसऱ्या खोलीत असतो.

‘नेटवर्क’ची खिडकी रिकामी आहे म्हणून

फाइल एक्स्प्लोररमधल्या ‘नेटवर्क’वर क्लिक केल्यावर कॉम्प्युटरांची यादी दिसली नाही, की लोकांना वाटतं नावं गेली. यादी दिसणं आणि नाव सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी ही यादी एसएमबी-१, म्हणजे फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीच्या, जोडीने चालणारी कॉम्प्युटर ब्राउझर सेवा बनवायची. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो याच एसएमबी-१मधल्या भोकातून, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी-१ येईनासं झालं. आता यादी दुसऱ्या पद्धतीने भरते. त्यासाठी समोरच्या कॉम्प्युटरवर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस चालू असावी लागते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती ऑटोमॅटिक करा.

यूट्यूबवर बघून एसएमबी-१ चालू करू नका. अजून कित्येक जण तोच उपाय सांगतात, कारण यादी लगेच दिसायला लागते आणि गिऱ्हाईक खूश होतं. जुन्या झेरॉक्स मशीनचं स्कॅन फक्त एसएमबी-१वर चालत असेल तर ते ईमेलवर किंवा एफटीपीवर वळवा. एका मशीनसाठी सगळ्या क्लायंटांचा डेटा उघड्यावर टाकणं मला पटत नाही. आणि यादी हवीच कशाला? नेहमीच्या फोल्डरचा शॉर्टकट डेस्कटॉपवर टाकून द्या.

जुनी आठवण पुसा

पिंगमध्ये भलताच पत्ता आला असेल तर कुठेतरी शिळी नोंद आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ आणि ‘एनबीटीस्टॅट -आर’ द्या, यातला आर मोठ्या लिपीतला. पुन्हा पिंग करा. तरीही तोच चुकीचा पत्ता येतोय? मग होस्ट्स फाइल उघडा. ती सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेवर असते. कधीतरी कुणीतरी “तात्पुरतं” म्हणून सर्व्हरचा पत्ता तिथे लिहून ठेवलेला असतो, सर्व्हर बदलतो, लिहिणाराही नोकरी सोडून जातो, ओळ राहते. विंडोज आधी तीच वाचतं, त्यामुळे डीएनएसमध्ये कितीही सुधारणा केलीत तरी उपयोग शून्य.

फाइल बदलायची तर नोटपॅड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. सेव्ह करताना नोटपॅड शेवटी डॉट टीएक्सटी चिकटवतं आणि ती नवी फाइल विंडोज ढुंकूनही बघत नाही. फाइलच्या नावाला शेपूट नाही ना, याची खात्री करा.

पत्ता कोणाचा आहे हे शोधायला ‘एनबीटीस्टॅट -ए १९२.१६८.१.१०’, इथेही ए मोठी. त्या पत्त्यावरचा कॉम्प्युटर नेटबायोसवर बोलत असेल तर स्वतःचं नाव सांगतो. कधीकधी एकाच नावाचे दोन कॉम्प्युटर निघतात. एका हार्ड डिस्कची नक्कल करून चार मशीन तयार केली आणि नावं बदलायची राहिली, की असं होतं.

लांब नावांचाही एक सापळा आहे. नेटबायोसला फक्त १५ अक्षरं कळतात. जुन्या सिस्टिम प्रॉपर्टीजमधून याहून लांब नाव देता येतं, पण पुढचं छाटलं जातं. इंग्रजीत ‘नाशिक’ची ६ अक्षरं, एक आडवी रेघ, ‘अकाउंट्स’ची ८, झाली १५. म्हणजे ‘नाशिक-अकाउंट्स-१’ आणि ‘नाशिक-अकाउंट्स-२’ ही नेटबायोसच्या लेखी एकच. नावं आखूड ठेवा: अक्षरं, आकडे, आडवी रेघ. अंडरस्कोर नको.

डोमेन असलेलं ऑफिस

जिथे विंडोज सर्व्हर आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्यांचे लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळणारी डोमेनची व्यवस्था) आहे तिथे माझी नजर आधी डीएनएसच्या ओळीवर जाते. पहिला पत्ता ऑफिसच्या सर्व्हरचा आणि दुसरा ८.८.८.८, असं दिसलं की मी तिथेच थांबतो. लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो: सर्व्हर बंद पडला तर निदान इंटरनेट चालावं. पण विंडोज या दोघांना सारखंच मानतं. पहिल्याने एकदा उत्तर द्यायला उशीर केला की ते दुसऱ्याकडे जातं. गूगलला तुमच्या ऑफिसातल्या सर्व्हरचं नाव माहीत असण्याचं कारण नाही, तो “असं नावच नाही” म्हणतो आणि विंडोज ते खरं मानून गप्प बसतं. “कधी चालतं, कधी नाही” या तक्रारीचं डोमेनमधलं नेहमीचं कारण हे. क्लायंटवर फक्त ऑफिसचेच डीएनएस सर्व्हर ठेवा. बाहेरच्या नावांसाठी ८.८.८.८ हा सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर, म्हणजे पुढे विचारायचा पत्ता, म्हणून घाला.

हे सगळं बरोबर असूनही त्रास होत असेल तर आयपीव्ही६ बघा. इंटरनेटवाल्याचा नवा राउटर आयपीव्ही६वरून स्वतःलाच डीएनएस म्हणून जाहीर करतो, आणि तुम्ही आयपीव्ही४मध्ये नीट लिहिलेला सर्व्हर मागे पडतो. राउटरमधली ती जाहिरात बंद करा.

घरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायच्या वाटेने, येणाऱ्यांना एकशब्दी नाव चालत नाही, कारण हाक व्हीपीएनमधून सहसा जात नाही. त्यांना शॉर्टकट डोमेनसकट पूर्ण नावाने करून द्या.

पुन्हा फोन येऊ नये म्हणून

सर्व्हर आणि प्रिंटर यांचे पत्ते राउटरच्या डीएचसीपीमध्ये मॅक पत्त्यावर (त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या नंबरावर) राखून ठेवा. नवा राउटर आला की हे पुन्हा करावं लागतं, म्हणून यादी कागदावर लिहून नेटवर्कच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. प्रिंटर मी आयपी पत्त्याने जोडतो, आपोआप तयार होणाऱ्या डब्ल्यूएसडी पोर्टने नाही. टॅलीचा डेटा मात्र नावानेच. सर्व्हर बदलला की नवीन मशीनला जुनं नाव दिलं, काम झालं. सगळीकडे आयपी टाकून ठेवलात तर प्रत्येक टेबलावर जाऊन रस्ता बदलत बसावं लागतं.

तीन-चार कॉम्प्युटर असतील तर होस्ट्स फाइल चालून जाते. त्यापुढे नको, ऑफिसला स्वतःचा छोटा डीएनएस द्या. चांगल्या राउटरमध्ये, बऱ्याच एनएएस डब्यांत किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर डीएनएसमास्क हे सॉफ्टवेअर टाकून हे होतं. नावापुढे ‘डॉट लोकल’ लावू नका, ते एमडीएनएससाठी राखीव आहे. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅनने २०२४ मध्ये ‘डॉट इंटर्नल’ खाजगी वापरासाठी राखून ठेवलंय, ते वापरा. डीएनएस नीट चालायला लागला की एलएलएमएनआर बंद करून टाका. हाकेला कोणीही ओ देऊ शकतो, आणि नेटवर्कमध्ये शिरलेला चोर नेमकं तेच करून पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) पळवतो.

आणि एवढं करूनही अडलं, तर माझ्यासारख्याला फोन करण्याआधी तीन फोटो पाठवा: नाव घालून केलेलं पिंग, पत्ता घालून केलेलं पिंग, आणि ‘आयपीकॉन्फिग /ऑल’चा पूर्ण पडदा. तिन्ही बिघडलेल्या कॉम्प्युटरवरून, आणि जमलं तर चालू असलेल्या एकावरूनही. पडदा सरळ दिसेल असा फोटो काढा, आकडे वाचता आले पाहिजेत.